पंचवीस म्हणायला लागलेला वेळ

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला नावं ठेवायला नको. मी तोंडाळ बाई आहे. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर बसलेला असतो आणि मनात आलेलं ओठांवर यायला वेळ लागत नाही. आमचे हे नेमके उलट. आम्ही दोघं एकाच साबणाच्या कारखान्यात. ते आत कढईवर मुख्य, मी बाहेर पॅकिंगला. तिथे लहानथोर सगळे त्यांना मास्तर म्हणतात, तर मीही इथे मास्तरच म्हणते. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, आणि गेल्या वर्षीच्या एका रविवारपर्यंत मी छातीठोकपणे सांगत होते की ह्या माणसाची नस न् नस मला ठाऊक आहे.

मास्तर कमी बोलायचे. कमी म्हणजे किती, तर लेकीच्या सासरची माणसं पहिल्यांदा घरी आली, तीन तास बसली, आणि निघताना विहीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ह्यांना ऐकू येतं ना नीट?" पण जे बोलायचे ते असं नेमकं की ऐकणारा सावरून बसायचा. कारखान्यात त्यांचा केवढा दरारा! "मास्तर तोलूनमापून बोलतात, शिका जरा," असं मॅनेजर नव्या माणसांना सुनवायचे. कोठीतून माल मागवायचा तर मास्तर चिठ्ठी पाठवायचे, तोंडी निरोप कधी नाही. हजेरीला नावं पुकारायची पद्धत त्यांनी बंद केली होती. प्रत्येकाला आकडा दिला होता आणि ज्याने त्याने आपला आकडा ओरडायचा. शिस्त असावी तर अशी, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे. शेजारणींपुढे तर मी मिरवायचे, "इतक्या वर्षांत ह्या माणसाने मला एकदा पाणी मागितलं नाही हो. उठतात, स्वतः घेतात." शेजारणींचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे.

मग कारखान्यात इंटरकॉम आला. कोठी अंगणाच्या पलीकडच्या टोकाला हलवली होती. चिठ्ठी घेऊन माणूस पळवण्यापेक्षा फोन उचला आणि सांगा, असं मॅनेजरनी ठरवलं. मास्तर त्या फोनवर असे बिथरले की मला नवलच वाटलं. जेवताना दोनदा म्हणाले, "लेखी असावं." मी म्हटलं, जग कुठल्या कुठे गेलं, तुम्ही बसा चिठ्ठ्या खरडत. मोठ्या कढईला रोज अठ्ठावीस किलो कॉस्टिक लागायचं. मास्तर फोन उचलायचे, "अठ्ठावीस" म्हणायचे, ठेवून द्यायचे. दोन महिने असेच गेले.

हे कॉस्टिक म्हणजे काय ते सांगायला हवं. पांढरे खडे असतात. पाण्यात विरघळवून बेताने गरम तेलात सोडले तर साबण होतो, आणि जास्त पडले तर तोच साबण कातडी सोलतो. त्यामुळे आमच्याकडे सगळी चेष्टा चालते, पण ह्या आकड्याची चेष्टा कुणी करत नाही. पुढे एक छोटी कढई आणली. तिचं माप पंचवीस किलो. ते भिंतीवर वीतभर अक्षरांत लिहून लावलं होतं.

छोट्या कढईच्या पहिल्या घाण्याच्या वड्या तिसऱ्या दिवशी, म्हणजे शनिवारी, आमच्या टेबलावर आल्या. तासाभरात माझ्या बोटांची आग व्हायला लागली. शेजारची म्हणाली, माझीही होतेय. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आम्हा अकरा जणींची बोटं लालभडक झाली होती आणि दोघींची कातडी निघाली होती. माल तिथेच थांबवला म्हणून बरं, नाहीतर कुणाच्या तान्ह्या बाळाच्या अंगाला लागला असता तो.

मॅनेजरनी कोठीची वही मागवली. कोठी सांभाळते ती किल्ली. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, म्हणून सगळ्यांची किल्ली. एकोणीस वर्षं कोठीत आहे, आणि चमचाभर माल इकडचा तिकडे झाला नाही ह्याचा तिला असा अभिमान की तिच्याशी बोलताना आपणच चोर वाटावं. तिच्या वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: छोटी कढई, तीस किलो.

"तीस?" मॅनेजर म्हणाले. "भिंतीवर काय लिहिलंय?"

"फोनवर मास्तरांनी तीस सांगितलं," किल्ली म्हणाली. "सांगितलं तेवढं तोलून दिलं."

सगळ्यांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांचा चेहरा पांढरा पडला होता. ते काहीच बोलले नाहीत. आणि गंमत बघा, त्या गप्प बसण्याचा अर्थ एकानेही वेगळा लावला नाही. मोठ्या मनाचा माणूस, हाताखालच्या बाईवर बोट कसं दाखवणार! ते नाही दाखवणार, तर मग मी होतेच. तळपायाची आग मस्तकात गेली होती, बोटांची वेगळी. "कान फुटले होते का गं तुझे?" मी सगळ्यांदेखत ओरडले. "हा माणूस श्वास घेतानासुद्धा मोजून घेतो, तो तीस म्हणेल? आमच्या हातांची सालटी काढलीस ती काढलीस, वर ह्यांचं नाव घेतेस?" किल्लीने माझ्याकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं, आणि वही छातीशी धरून उभी राहिली. मॅनेजर म्हणाले, "सोमवारी सकाळी सगळ्यांसमोर किल्ल्या जमा करा. मग घरी."

रविवारी दुपारी मी बोटांना मलम लावून, पट्ट्या बांधून स्वयंपाकघरात स्टुलावर बसले होते. मास्तर भांडी घासत होते. माझ्या तोंडाला पट्टी नव्हती, त्यामुळे किल्लीचा उद्धार चालूच होता. एकोणीस वर्षं काय उजेड पाडला, आता घरी बसून वह्या लिही म्हणावं. मास्तरांनी नळ बंद केला. माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाले, "ती खरं सांगते."

"काय खरं सांगते?"

"मी तीस म्हटलं."

मला वाटलं किल्लीला वाचवायला बघतायत. "का म्हणून? माप तर..."

मास्तर वळले. त्यांनी तोंड उघडलं, म्हणजे उघडायला गेले, आणि त्यांचे ओठ मिटले ते मिटलेच. गळ्याची शीर टरारून वर आली. डोळे बारीक झाले, हनुवटी थरथरायला लागली. आवाज नाही. मी ताडकन उठले. आई गं, झटका आला ह्यांना! मी पट्ट्या बांधलेल्या बोटांनी फोनची बटणं दाबायला लागले तर एकाच्या जागी तीन दाबली जातायत. मास्तरांनी माझं मनगट धरलं, मान हलवली, नाही, नाही म्हणून. आणि मग कुठूनतरी खोलवरून ढकलल्यासारखा तो शब्द बाहेर आला. "पंचवीस." त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब आले होते. "हे असं आहे," ते म्हणाले. "लहानपणापासून."

मी परत स्टुलावर बसले.

सांगायला त्यांना दोन तास लागले. लहान असताना ते तोतरे बोलायचे. वर्गात हसले, घरात मारलं, आणि दहाव्या वर्षी त्यांनी एक युक्ती शोधली. जो शब्द अडणार तो आधीच दिसतो, म्हणाले. वाक्य तोंडातून निघण्याआधीच कळतं की पुढे तो आहे. मग त्याच्या जागी दुसरा घ्यायचा. दुसरा नसेल तर वाक्य फिरवायचं. फिरत नसेल तर बोलायचंच नाही. 'प', 'ब' असे ओठ मिटून सुरू होणारे शब्द सगळ्यात वाईट. पंचवीस त्यातलाच. त्या दिवशी फोन हातात होता, पलीकडे किल्ली "हॅलो, हॅलो" करत होती, शब्द येईना. मास्तर तीस म्हणून मोकळे झाले. वरचे पाच किलो गुपचूप बाजूला काढून ठेवायचे असं ठरवलं होतं. तेवढ्यात बॉयलर तपासणारे साहेब आले म्हणून मॅनेजरनी बाहेर बोलावून नेलं. परत येईपर्यंत हाताखालच्या लंबूने आलेलं सगळं पाण्यात विरघळवून तेलात सोडलं होतं. मास्तरांनी अंदाजाने दोन डबे तेल वाढवलं. वरचा साबण जिभेला लावून बघितला, आमच्यात तशी पद्धत आहे, जास्त असेल तर जिभेला चटका बसतो. चटका बसला नाही. तळाचं मात्र मिसळलंच नव्हतं. तळाच्या वड्या आमच्या टेबलावर आल्या.

खरं सांगते, पहिल्यांदा मला दया वगैरे काही आली नाही. संताप आला. सत्तावीस वर्षं! एका पलंगावर झोपलो, एक लेक वाढवली, आणि हा माणूस माझ्यासमोर सोंग घेऊन बसला होता? मी म्हणालेही तसं, जरा जास्तच जोरात. मास्तर म्हणाले, "हो." एवढंच. बचाव नाही, काही नाही.

मग माझं डोकं मागे मागे धावायला लागलं. पाणी! ह्यांनी कधी पाणी मागितलं नाही ते माझ्यावरच्या प्रेमाने नव्हे, तो शब्दच म्हणता येत नव्हता. बटाटे कधी आणले नाहीत, मी धरून चालले की आवडत नाहीत, आणि सत्तावीस वर्षं बिनबटाट्याचा स्वयंपाक केला. बसमध्ये आमच्या थांब्याच्या पुढच्या थांब्याचं तिकीट काढायचे, आणि मी म्हणायचे, वेंधळा आहे नवरा. लेकीचं नाव मी ठरवलं होतं ते ह्यांनी हट्टाने बदलायला लावलं. त्यांचा सगळ्या आयुष्यातला एकमेव हट्ट तो. आणि माझं नाव? तेही तसंच, ओठ मिटून सुरू होणारं. म्हणून मी जन्मभर "अगं."

आणि मग, कसं सांगू, माझा राग कुठे गेला कळलंच नाही. मी त्या माणसाकडे नुसती बघत राहिले. दिवसातून किती वाक्यं बोलतो आपण? त्यातल्या प्रत्येकात पुढचा खड्डा आधी बघायचा, क्षणात रस्ता बदलायचा, समोरच्याला पत्ता लागू द्यायचा नाही, चेहऱ्यावर रेघ उमटू द्यायची नाही. चव्वेचाळीस वर्षं. मला मिठाचा डबा कुठे ठेवला ते संध्याकाळपर्यंत आठवत नाही! केवढं डोकं, केवढे कष्ट, आणि सगळे कशापायी, तर आपण जसे आहोत तसे कुणाला दिसू नये म्हणून. एवढ्या बळावर ह्या माणसाने काय काय केलं असतं! मला भरून आलं. पट्ट्या बांधलेल्या बोटांनी डोळे पुसता येईनात, मलम डोळ्यांत जायची भीती. मास्तरांनीच टॉवेल दिला.

"उद्या मी सांगते मॅनेजरना," मी म्हटलं. "तुम्ही नुसते शेजारी उभे राहा."

"नको."

"मग लिहून द्या. अक्षर सुंदर आहे तुमचं."

"लिहून लिहूनच इथवर आलो," मास्तर म्हणाले. "तिला सगळ्यांसमोर काढतायत. सगळ्यांसमोरच सांगायला हवं. तोंडाने."

सोमवारी सकाळी अंगणात साठ-पासष्ट माणसं उभी होती. किल्ली मध्ये, हातात जुडगा. डोळे सुजलेले, पण केस नेहमीसारखे चापूनचोपून बांधलेले. मॅनेजरनी हात पुढे केला तेवढ्यात मास्तर रांगेतून बाहेर आले. "साहेब, थांबा," म्हणाले. मास्तर बोलणार म्हणजे काहीतरी मोजकं, वजनदार येणार, अशी सगळ्यांची समजूत.

"त्या दिवशी मला म्हणायचं होतं..." आणि ओठ मिटले.

मी शेडवरच्या घड्याळाकडे बघितलं. ते बघायला नको होतं, कारण मग तो काटा डोळ्यांपुढून हलेना. पंधरा सेकंद. तीस. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मी मान वळवली. कोण ते मी बघून ठेवलंय, तो विषय वेगळा. मॅनेजर गडबडले, मदतीला धावल्यासारखे म्हणाले, "पन्नास? पाच? काय मास्तर, बरं वाटत नाही का?" मास्तरांनी तळहात वर केला. थांबा. माझ्या जिभेवर तो शब्द वळवळत होता. एक शब्द हो, मी म्हटला असता तर संपलं असतं सगळं! मी पदराचं टोक दातांत धरलं. मास्तरांचा चेहरा लाल झाला, मान एका बाजूला ओढली गेली. चव्वेचाळीस वर्षं त्यांनी जे कुणाला दिसू दिलं नव्हतं, ते साठ-पासष्ट माणसं दिवसाउजेडी बघत होती. आणि त्यांनी नजर खाली घातली नाही. मागे सरले नाहीत. दुसरा शब्द शोधला नाही. शोधायला गेले असते तर मला कळलं असतं, आता मला कळतं. ते तिथेच उभे राहिले, त्याच शब्दासमोर.

"प... प... पंचवीस," मास्तर म्हणाले. "मला ते म्हणता येईना. म्हणून तीस म्हटलं. बाईंनी ब... बरोबर लिहिलं. तेल मी वाढवलं, तेही सांगितलं नाही. चूक माझी आहे. मी तोतरा आहे."

मी आजवर मोठमोठी माणसं बोलताना ऐकली आहेत, टाळ्या घेताना बघितली आहेत. पण छातीत असं काही हललेलं मला आठवत नाही. तो माझा नवरा होता म्हणून म्हणत नाही. खरं तर त्या क्षणी तो माझा नवरा वाटतच नव्हता. असा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

मॅनेजरनी पुढे केलेला हात मागे घेतला. किल्लीचा जुडगा तिच्याकडेच राहिला. मास्तरांना लेखी ताकीद मिळाली आणि छोटी कढई लंबूकडे गेली. ते योग्यच झालं, अकरा बायकांची बोटं होती ती. मग मॅनेजर खाकरून म्हणाले, "मास्तर, तुमच्यापुरती चिठ्ठीची पद्धत पुन्हा चालू करू."

"नको," मास्तर म्हणाले. "फोनवरच सांगेन. वेळ लागेल. थांबायचं."

किल्ली मला गाठायची काही राहिली नाही. "वहिनी," ती म्हणाली, "शनिवारी आवाज कसा सगळ्या अंगणभर गेला होता तुमचा. माफीही तेवढ्याच आवाजात येऊ द्या." मी मागितली. पॅकिंगपासून गेटपर्यंत ऐकू जाईल अशी मागितली. किल्ली हसली नाही, पण बरं म्हणाली.

संध्याकाळी आम्ही चालत घरी निघालो. आणि मास्तर बोलायला लागले. पुलापाशी सुरू झाले ते थांबेचनात. मॅनेजर केस काळे करतात पण भुवया विसरतात, हे त्यांनी पाच वर्षांपूर्वीच बघून ठेवलं होतं. लेकीचा नवरा घोरतो, हेही ठाऊक होतं. एक विनोद सांगितला, आमच्या लग्नात कुणीतरी त्यांना सांगितलेला. विनोदात शब्द बदलता येत नाही, म्हणून इतकी वर्षं पोटात ठेवला होता. शेवटच्या शब्दावर अडले, मी थांबले, ते थांबले, एक सायकलवाला आमच्याकडे बघत गेला, आणि मग तो शब्द आला. विनोद अगदीच टुकार होता. आम्ही कठडा धरून पोट दुखेपर्यंत हसलो. मी अवाक् झाले होते. मितभाषी म्हणून ज्याच्याबरोबर सत्तावीस वर्षं काढली, तो माणूस मुळात बडबड्या होता! माझ्याहून बडबड्या! आणि मी, जिला मध्ये तोडल्याशिवाय चैन पडत नाही, ती तोंड मिटून चालत होते.

"तुला बघायला आलो होतो ना," मास्तर म्हणाले, "तेव्हा तू सारखी बोलत होतीस. मला वाटलं, हिच्यामागे लपता येईल."

ते मला लागलं. खोटं कशाला बोलू, चांगलंच लागलं. पण खरं होतं, आणि आता त्यांनी ते माझ्यासमोर येऊन सांगितलं होतं.

जिन्याखाली समोरच्या काकू भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या. "काय गं," त्यांनी मला विचारलं, कारण आमच्या घरचं सगळे मलाच विचारतात, "कारखान्यात काहीतरी झालं म्हणे मास्तरांचं?"

मी तोंड उघडलं. पण मास्तरांनी आधीच सुरुवात केली होती. "ब..." आणि अडले. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं, दचकल्या, आणि पटकन माझ्याकडे वळल्या. डोळ्यांनी म्हणत होत्या, अगं सांग ना तू, बिचाऱ्याला काय झालंय. ते काय म्हणणार ते मला शब्दन् शब्द ठाऊक होतं.

"काकू," मी म्हटलं, "ते सांगतायत ना. थांबा की जरा."

काकूंनी पिशवी पायरीवर ठेवली.